पाळीव कुत्रा आणि हरवलेल्या माणसाचा शोध : वऱ्हाडच्या संदर्भात गंधशिक्षणाचा विचार

आपत्तीत गाडल्या गेलेल्या किंवा रानावनात हरवलेल्या मनुष्याचा शोध घेण्यासाठी शिकविलेल्या कुत्र्याचा उपयोग करण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. भारतात हे कार्य मुख्यतः राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर आणि पोलिस यांच्या श्वानपथकांकडे असते. या पथकांतील कुत्रे याच कामासाठी निवडलेले, शासकीय केंद्रांत शिकविलेले आणि पगारी श्वानहस्तकांच्या स्वाधीन असलेले असतात. पाश्चात्त्य देशांत मात्र या कार्याचा मोठा भार घरगुती कुत्रे आणि त्यांचे मालक यांनी उचललेला आहे. स्वित्झर्लंडमधील 'रेडॉग' ही संस्था १९७१ पासून आणि कॅलिफोर्नियातील शोधश्वानांची संघटना १९७६ पासून स्वयंसेवी मालकांच्या बळावरच चालत आली आहे. त्यावरून असा प्रश्न सहज उपस्थित होतो की, अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या घरातील कुत्रा या कामासाठी शिकविता येईल काय? येत असल्यास त्याला नेमके काय शिकवावे लागेल, आणि त्याने दिलेल्या उत्तरावर कितपत विसंबता येईल?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय दलाची महाराष्ट्रातील पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तेथून अकोला पाचशे किलोमीटरांच्या आसपास पडते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे नागपूर येथील ठाणे त्या मानाने जवळ. तरीही नागपूर ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे आणि अकोल्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेला मनुष्य जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दिवसानंतर झपाट्याने घटत जाते, हे सर्व भूकंपांतून आढळून आलेले आहे. म्हणजे बाहेरची मदत वाटेवर असते तेव्हाच सर्वांत मोलाचे तास निघून जातात. हे तास स्थानिक माणसांच्या हाती असतात, आणि त्यांच्याजवळ शोधाचे साधन बहुधा हाक आणि कान यांपलीकडे नसते.

घ्राणेंद्रिय आणि गंध

कुत्र्याच्या नाकाविषयी अतिशयोक्तीने पुष्कळ बोलले जाते. परंतु वस्तुस्थितीही काही कमी आश्चर्यकारक नाही. मनुष्याच्या नाकात गंधग्राही पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या बाबतीत हा अंदाज जातीनुसार साडेबारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत जातो. मात्र केवळ पेशींची संख्या हे त्याच्या सामर्थ्याचे एकमेव कारण नव्हे. मनुष्याच्या नाकात श्वासाची हवा आणि वासाची हवा एकाच वाटेने जाते. कुत्र्याच्या नाकात आत घेतलेल्या हवेचा सुमारे आठवा हिस्सा वेगळा होऊन नाकाच्या मागील बाजूच्या वळणावळणांच्या पोकळीत शिरतो आणि तेथे गंधग्राही पेशींच्या सान्निध्यात रेंगाळतो. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत घेतो. सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जात असल्यामुळे पुढील गंध तिच्याने विखुरला जात नाही. उलट जमिनीवरील कण हलून नव्या हवेबरोबर नाकाकडे ओढले जातात.

शोधला जातो तो गंध कोणता? मनुष्याच्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे अहोरात्र गळत असतात. त्यांवरील जिवाणू, घाम आणि तैलद्रव्ये यांचा जो संमिश्र वास निर्माण होतो तोच माणसाचा गंध होय. हे कण शरीराभोवतीच्या उबदार हवेबरोबर वर चढतात, वाऱ्याने वाहत जातात आणि मग जमिनीवर, गवतावर, भिंतीच्या कडेला, नाल्याच्या काठाला साचून राहतात. वारा स्थिर असेल तर उगमापाशी अरुंद आणि दूर जावे तसा रुंदावणारा गंधाचा एक पट्टा तयार होतो. त्याला गंधशंकू म्हणता येईल. ज्याला आपण 'कुत्र्याने वास काढला' असे म्हणतो ती क्रिया वस्तुतः या शंकूत कोठेतरी शिरून, डावीउजवीकडे कडा चाचपीत, त्याच्या टोकाकडे जाण्याची आहे.

कामाच्या दृष्टीने कुत्र्यांचे दोन प्रमुख प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात कुत्र्याला हरवलेल्या व्यक्तीचे वस्त्र हुंगवितात आणि तो लांब दोरीला बांधलेला असतानाच त्या विशिष्ट व्यक्तीचा माग काढतो. दुसऱ्या प्रकारात कुत्रा मोकळा असतो. त्याला कोणा एकाचा नव्हे, तर त्या क्षेत्रातील कोणत्याही माणसाचा वाऱ्यावर आलेला गंध शोधावयाचा असतो. ढिगाऱ्यावरील काम दुसऱ्या प्रकारचे आहे. मृतदेहांचा शोध हे तिसरे आणि सर्वस्वी निराळे शिक्षण आहे. जिवंत माणसाचा शोध घेणाऱ्या कुत्र्याला मृतदेहाचाही गंध शिकविल्यास, दोन्ही गंध एकत्र आलेल्या ठिकाणी जिवंताच्या शोधातील त्याची अचूकता घटते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणून प्रारंभीच एक काम निवडणे हिताचे असते.

वऱ्हाडचे हवामान

शोधश्वानांवरील बहुतेक वाङ्मय थंड प्रदेशांत लिहिले गेले आहे. ते जसेच्या तसे पूर्णेच्या खोऱ्यात लागू करणे चुकीचे ठरेल. अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा दिवशी उघडी काळी जमीन हवेपेक्षाही अधिक तापते. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढते व तिच्याबरोबर गंधही कुत्र्याच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय कोरड्या हवेत त्वचेच्या कणांवरील जिवाणूंची क्रिया मंदावते आणि गंध क्षीण होतो. पहाटे आणि सूर्यास्तानंतर हवा स्थिर होऊन जमिनीलगत बसते. त्या वेळी तोच गंध अधिक काळ आणि अधिक दूरवर टिकतो.

याहून महत्त्वाचे कारण कुत्र्याच्या शरीरात आहे. कुत्र्याला पंजांच्या गाद्या सोडल्यास घाम येत नाही. शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे तोंड उघडून धापा टाकणे. धापा टाकणे आणि हुंगणे या दोन क्रिया एकाच वेळी नीट होऊ शकत नाहीत. २००३ साली तेल अवीव येथील संशोधकांनी स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना व्यायाम देऊन त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा धाप जसजशी वाढली तसतशी शोधाची कार्यक्षमता घटली. म्हणजे वैशाखात दुपारी एक वाजता ढिगाऱ्यावर सोडलेला कुत्रा हा उत्साही असला तरी बराचसा नाक नसलेला कुत्रा असतो, आणि हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेल्यास उष्माघाताने प्राणावर बेतते. तापलेल्या टिनपत्र्यांनी पंजे भाजण्याचा धोका आहेच. यास्तव वऱ्हाडात शोधाचे आणि सरावाचेही वेळापत्रक पहाट, संध्याकाळ आणि रात्र यांभोवतीच आखले पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटांच्या कामानंतर सावली, पाणी व विसावा हा उपचार नसून कामाचाच भाग मानला पाहिजे.

मेळघाटाची स्थिती आणखी निराळी आहे. गाविलगडाच्या डोंगररांगेत दिवसा तापलेल्या उतारांवरून वारा दरीतून वर वाहतो, तर रात्री थंड झालेली हवा दरीत उतरते. खालच्या नाल्यात पडलेल्या माणसाचा गंध दुपारी चिखलदऱ्याच्या कड्यावर येऊ शकेल, आणि कड्यावरील माणसाचा गंध पहाटे नाल्यात साचलेला सापडेल. श्वानहस्तकाला हे ठाऊक नसेल तर कुत्र्याने दाखविलेली दिशा त्याला खोटी वाटेल. शिवाय व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत कुत्रा मोकळा सोडणे शक्य नाही व इष्टही नाही. बिबट्याला कुत्रा हे आवडते भक्ष्य आहे. तेथे वनविभागाच्या अनुमतीने व त्याच्या माणसांबरोबर, दोरीवर माग काढणाऱ्या कुत्र्याचाच विचार करावा लागेल.

कुत्र्याची निवड

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड यांखेरीज अन्य कुत्र्याला हे काम जमणार नाही, हा समज निराधार आहे. १९४० साली लंडनच्या पॉप्लर भागात बाँबहल्ल्यानंतर एक बेवारस, संमिश्र जातीचा कुत्रा तेथील हवाईहल्ला-रक्षकाला सापडला. 'रिप' असे नाव दिलेल्या या कुत्र्याला कोणतेही शिक्षण मिळालेले नव्हते. तथापि त्याने ढिगाऱ्यांखालील शंभराहून अधिक माणसे शोधून दिल्याची नोंद आहे आणि १९४५ साली त्याला डिकिन पदक देण्यात आले. त्याच्या यशामुळे युद्धाच्या उत्तरार्धात शोधश्वानांच्या पद्धतशीर शिक्षणाला चालना मिळाली. वऱ्हाडातील गावठी कुत्र्याची चपळता, काटकपणा व उष्णता सोसण्याची शक्ती पाहता तो केवळ जातीच्या कारणाने वगळण्याजोगा नाही. याउलट दख्खनचा कारवान कुत्रा वेगवान व सुंदर असला तरी तो मूलतः डोळ्यांनी शिकार करणारा आहे, आणि चपट्या नाकाचा पग शहरी घरांत लोकप्रिय असला तरी उष्ण हवेत त्याला स्वतःचा श्वासही पुरत नाही.

निवडीची खरी कसोटी वर्तनाची आहे. कुत्र्याच्या आवडीचा चेंडू उंच गवतात किंवा पऱ्हाटीच्या ढिगात फेकावा. तो दिसेनासा झाल्यावर कुत्रा किती वेळ शोधीत राहतो हे घड्याळ लावून पाहावे. काही कुत्रे क्षणात मालकाकडे परततात. काही पाच-पाच मिनिटे नाकाने गवत उपशीत राहतात. दुसऱ्या प्रकारचे कुत्रे या कामाचे. त्याबरोबरच अनोळखी माणसे, आवाज, धूर, हलणारी जमीन यांना कुत्र्याने भिता कामा नये. या धीटपणाचा पाया फार लवकर घातला जातो. स्कॉट व फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ संशोधनानुसार, पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिक संबंध जुळण्याच्या दृष्टीने निर्णायक असतो. या काळात घराच्या अंगणापलीकडे काहीच न पाहिलेले पिल्लू पुढे ढिगाऱ्यावर बिचकण्याचा संभव अधिक.

शिक्षणाचा क्रम

शिक्षणाचे तत्त्व साहचर्याचे व प्रबलनाचे आहे : माणसाचा गंध सापडला की कुत्र्याला त्याच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान गोष्ट मिळते. ही गोष्ट खाऊ असेल, चेंडू असेल किंवा चिंधीची ओढाताण असेल. महत्त्वाचे हे की, ती मालकाकडून न मिळता लपलेल्या माणसाकडून मिळाली पाहिजे. पहिल्याच पायरीवरील हा नियम पुढील सर्व शिक्षणाचा पाया आहे.

प्रारंभी मदतनीस कुत्र्याच्या देखत चेंडू घेऊन पळतो आणि वीस-तीस पावलांवर धुऱ्याच्या आड बसतो. मालक कुत्र्याला सोडतो. कुत्रा डोळ्यांनीच मदतनीसापर्यंत पोचतो आणि तेथे त्याला खेळ मिळतो. पुढे मदतनीस दिसेनासा झाल्यावर जागा बदलतो, त्यामुळे डोळा निरुपयोगी होऊन नाकाला काम करावे लागते. त्यानंतर मदतनीस आधीच लपलेला असतो. कुत्र्याने त्याला जाताना पाहिलेले नसते. अंतर, वेळ आणि अडथळे हे तिन्ही एकदम न वाढविता एका वेळी एकच वाढवावे. हिवाळ्यात कापणीपूर्वीचे उंच तुरीचे शेत, बंद पडलेल्या जिनिंगचे आवार, वीटभट्टीचा परिसर, पडका वाडा अशी सरावाची ठिकाणे वऱ्हाडात विपुल आहेत. मात्र पडक्या इमारतीची मजबुती पाहिल्यावाचून तेथे कोणालाही लपवू नये.

दुसरा टप्पा संकेताचा. माणूस सापडल्यावर तो दडलेल्या जागेपाशी थांबून सतत भुंकणे हा ढिगाऱ्यावरील रूढ संकेत होय. मदतनीस एका पेटीत किंवा झाकलेल्या पिंपात बसतो. कुत्र्याला गंध येतो पण वाट मिळत नाही. अस्वस्थ होऊन तो एकदा भुंकताच झाकण उघडते व खेळ सुरू होतो. क्रमाक्रमाने एका भुंकण्याऐवजी पाच, मग दहा, मग अर्धा मिनिट भुंकण्याची अपेक्षा ठेवतात. आरंभी प्रत्येक यशाला बक्षीस आवश्यक असते. वर्तन पक्के झाल्यावर ते अनियमित अंतराने दिल्यास वर्तन अधिक चिवट होते, हा प्रयोगशाळेतील सिद्धांत येथेही खरा ठरतो.

तिसऱ्या टप्प्यात लपणारी माणसे बदलतात : पुरुष, स्त्रिया, मुले, वृद्ध; बसलेली, आडवी, अर्धवट झाकलेली, न बोलणारी. सदैव एकाच दोन मित्रांना शोधीत आलेला कुत्रा 'माणूस' शोधावयास शिकलेला नसून ते दोन मित्र शोधावयास शिकलेला असतो. याच टप्प्यात अन्न, कपडे, कोंबड्या, मांजरे आणि दुसरे कुत्रे यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा सराव होतो. स्वयंसेवी मालकाने आठवड्यातून दोनतीन वेळा नियमाने सराव केल्यास कुत्रा परीक्षेला बसण्याजोगा होण्यास साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात.

मालकाची इच्छा आणि कुत्र्याचे उत्तर

येथवरचे शिक्षण चिकाटीने साध्य होते. खरी अडचण यानंतर येते, आणि ती पाळीव कुत्र्याच्या बाबतीत विशेष तीव्र असते. घरच्या कुत्र्याचे सारे आयुष्य मालकाचा चेहरा, मान, पाऊल आणि श्वास वाचण्यात गेलेले असते. बुडापेस्ट येथे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळीव कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवली होती. खाऊ कोणत्या भांड्यात आहे हे त्यांना वासाने कळू शकत होते. तरीही मनुष्याने रिकाम्या भांड्याकडे बोट दाखविताच अनेक कुत्रे त्या रिकाम्या भांड्याकडेच गेले. त्यांच्या नाकात दोष नव्हता. त्यांनी नाकापेक्षा माणसावर अधिक विश्वास ठेवला.

हाच दोष शिकविलेल्या कुत्र्यांतही उरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिसा लिट व सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमली पदार्थ व स्फोटके शोधणाऱ्या १८ श्वानहस्तक-जोड्यांची परीक्षा घेण्यात आली. परीक्षेच्या जागी कोणताही पदार्थ ठेवलेला नव्हता. परंतु हस्तकांना तो असल्याचे सांगण्यात आले होते आणि काही ठिकाणी कागदाची खूण लावून तो तेथेच आहे असे भासविले होते. एकूण १४४ शोधांपैकी केवळ २१ शोध खोट्या संकेताविना पार पडले. हस्तकाला खूण दिसली त्या जागी संकेतही अधिक मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये 'गणित करणारा' म्हणून गाजलेला हान्स नावाचा घोडा प्रत्यक्षात प्रश्नकर्त्याच्या नकळत झालेल्या हालचाली वाचीत होता, असे ओस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले होते. शतकानंतर तोच धडा पुन्हा शिकावा लागला.

ढिगाऱ्यावर या दोषाची किंमत कोणती, हे स्पष्ट आहे. 'माझा भाऊ याच खोलीत झोपला होता' असे आक्रंदून सांगणारा मनुष्य शेजारी उभा असतो. मालकाचे पाऊल त्या जागी घोटाळते, कुत्रा ते पाहतो आणि भुंकतो. चार तास तेथे खणले जाते. आणि दुसऱ्या कोपऱ्यात जिवंत असलेल्या माणसाचे ते चार तास असतात. याच्या उलट, तेथे कोणी नाही असे मालकाने मनात ठरविले असेल तर कुत्र्याची क्षणभराची चाहूल तो दुर्लक्षितो. दोन्ही प्रसंगी कुत्र्याच्या नाकाने काम केलेले असते. बिघाड त्या दोघांच्या नात्यात असतो.

यावरील उपाय शिक्षणाच्या रचनेतच असला पाहिजे. पहिला उपाय : मालकाला लपण्याची जागा कधीही ठाऊक नसावी, पुढील टप्प्यात मालकाबरोबर फिरणाऱ्या परीक्षकालाही ती ठाऊक नसावी. दुसरा : काही शोधांत कोणीही लपलेले नसावे, आणि 'येथे कोणी नाही' हे उत्तर देऊन परतलेल्या कुत्र्याचेही कौतुक व्हावे. जो कुत्रा प्रत्येक सरावात हमखास माणूस सापडतो असे शिकला आहे, तो माणूस न सापडल्यास तो असल्याचे सोंग करावयास लवकरच शिकतो. तिसरा : मालकाने जाणूनबुजून रिकाम्या जागी थांबावे, बोट दाखवावे, कुत्र्याला तिकडे बोलवावे, आणि कुत्र्याने ती सूचना डावलून स्वतःच्या नाकामागे जाताच त्याला सर्वांत मोठे बक्षीस मिळावे. आज्ञाधारकपणासाठी वाढविलेल्या कुत्र्याला ही अवज्ञा शिकविणे मालकाच्या स्वभावालाच जड जाते, म्हणून ती बहुधा शिकविली जात नाही. चौथा उपाय : पहिल्या कुत्र्याच्या संकेतावर दुसरा कुत्रा स्वतंत्रपणे आणावा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर नुरदागी येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली या लॅब्रॅडॉर कुत्रीने एका ढिगाऱ्यावर संकेत दिला. तेव्हा रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला तेथे नेऊन खात्री करून घेण्यात आली आणि मग खणल्यावर सहा वर्षांची मुलगी जिवंत सापडली. बातमीत कौतुक दोन्ही कुत्र्यांचे झाले. अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट मात्र ती पडताळणी होय.

वऱ्हाडातील उपयोग आणि मर्यादा

अलीकडील तीन घटनांवरून या साधनाचा उपयोग कोठे आहे आणि कोठे नाही, हे ठरविता येते. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे मोठे झाड बाबूजी महाराज संस्थानातील टिनशेडवर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी माणसे कोठे आहेत हे सर्वांना दिसत असते. तेथे गरज करवतींची, यंत्रांची आणि हातांची असते. कुत्रा आणल्यास त्याचा अडथळाच होईल. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात टॉकीज परिसरात जुनी इमारत कोसळून पाच जण दगावले. दुकाने असलेल्या इमारतीत त्या क्षणी कोण गिऱ्हाईक होते, कोण वाटसरू आडोशाला उभा होता, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही. माहीत असलेली माणसे बाहेर काढल्यावर 'आणखी कोणी आहे काय?' हा जो प्रश्न उरतो, त्याचे लवकर उत्तर देण्यास शिकविलेला कुत्रा समर्थ असतो. येथे ढिगाऱ्याचा प्रकारही पाहिला पाहिजे. काँक्रीटच्या पडझडीत स्लॅबखाली पोकळ्या राहतात आणि त्यांतून गंध फटींवाटे वर येतो. दगडमातीची व धाब्याची घरे कोसळली की माती सर्व पोकळ्या भरून टाकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातील भीषण प्राणहानीचे एक कारण हेच होते. अशा मातीत गंध माणसाच्या नेमका वर न येता दूरच्या एखाद्या भेगेतून बाहेर पडू शकतो; म्हणून संकेताची जागा आणि माणसाची जागा एकच असेल असे गृहीत धरू नये.

तिसरी घटना १४ सप्टेंबर २०२१ ची. वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले आणि सर्व मृतदेह एका दिवसात हाती लागले नाहीत. पाण्यातील मृतदेहातून सुटणारे वायू व तैलद्रव्ये पृष्ठभागावर येतात, आणि नावेच्या टोकाशी बसविलेला शिकविलेला कुत्रा ती जागा दाखवू शकतो. मात्र प्रवाहामुळे ती जागा देहापासून बरीच खाली सरकलेली असते. हे काम मृतदेह शोधणाऱ्या निराळ्या कुत्र्याचे आहे. पश्चिम विदर्भात पूर, विहिरी आणि धरणे यांतील शोधाचे काम अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखे स्वयंसेवक करीत आले आहेत. ज्या प्रदेशात माणसे स्वेच्छेने पाण्यात उतरून परक्याचा देह काढून देतात, त्या प्रदेशात कुत्रा शिकविण्यास लागणारी दोन वर्षांची चिकाटी असणारे मालक मिळणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

तथापि मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. स्वतंत्र परीक्षकांपुढे उत्तीर्ण न झालेला कुत्रा दुर्घटनास्थळी नेणे हे साहाय्य नसून उपद्रव आहे. बोलावणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून आले पाहिजे, आणि राष्ट्रीय किंवा राज्य दल पोचल्यावर स्थळाचा ताबा त्याचा असतो. कुत्र्याला रेबीज व लेप्टोस्पायरा यांवरील लसी नियमाने टोचलेल्या असाव्यात; गोचिडांपासून होणारा ताप या भागात नित्याचा असल्याने त्याविषयी सतत दक्षता हवी. अकोला येथील पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्थेसारखे तज्ज्ञांचे केंद्र जवळ असणे ही या बाबतीत वऱ्हाडची मोठी सोय आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पाळीव कुत्र्याला शोधकार्य शिकविण्यात नाकाचे शिक्षण हा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो कुत्र्याला मालकाच्या इच्छेपासून आणि मालकाला स्वतःच्या अपेक्षेपासून अलग करण्याचा. घरच्या माणसांवरील प्रेम हे या कुत्र्याच्या कामाचे इंधन असते, आणि त्याच्या चुकीचे सर्वांत संभाव्य कारणही तेच असते. म्हणून स्वयंसेवी पथकाचे मूल्यमापन करताना कुत्र्याने किती माणसे शोधली एवढेच न विचारता, रिकाम्या क्षेत्रात त्याने किती वेळा 'कोणी नाही' असे खरे उत्तर दिले, हेही विचारले पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अल्प खर्चात करता येण्याजोगे संशोधन उपलब्ध आहे. एकाच कुत्र्याला, एकाच आकाराच्या शेतात, पहाटे, सकाळी दहाला आणि रात्री शोध देऊन जमिनीचे तापमान, वाऱ्याची दिशा, धापांचा वेग आणि शोधाचा काल यांची नोंद ठेवता येईल. त्यांतील एक तृतीयांश शोधांत कोणालाही लपवू नये, आणि नोंद करणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे. काळ्या जमिनीत, खारपाणपट्ट्यात आणि मेळघाटाच्या पायथ्याशी अशा नोंदी वर्षभर घेतल्या, तर वऱ्हाडात कुत्र्याच्या नाकावर कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी व कितपत विसंबावे, याचे उत्तर थंड देशांच्या पुस्तकांतून न घेता येथल्याच मातीवरून देता येईल. ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला, कुत्रा भुंकल्यावर खणावे की थांबावे हे ठरविताना, त्याच उत्तराची गरज असते.